रानातील अळंबी : ओळख आणि विषपरीक्षा

मृगाचे पाऊस होऊन गेले, जमीन पुरती भिजली, आणि मध्ये एखाददुसरा दिवस ऊन पडून उकाडा होऊ लागला, म्हणजे आपल्या भागातील रानात वारुळांच्या आसपास पांढरी छत्रे डोके वर काढू लागतात. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी आणि लोंढा या बाजूची राने, चोर्ला घाट आणि घाटाखालची सत्तरी, या सर्व पट्ट्यात त्या दिवसांत पहाटे उठून रान धुंडाळणारी माणसे दिसतात. मिळालेला माल पानात बांधून बाजारात जातो. गोव्यात तर तो शेकड्याच्या हिशेबाने विकला जातो, आणि श्रावणात ज्यांच्या घरी सामिष बंद असते त्यांच्याकडे त्याचे टोणक मोठ्या आवडीने होते.

या छत्रांस कोणी अळंबी म्हणतात, गोव्यात अळमी म्हणतात, पुस्तकात भूछत्र असे नाव असते. विदर्भाकडे सात्या आणि टेकोडे ही नावे आहेत. कानडीत अणबे म्हणतात, आणि आमच्या घरांतून दख्खनी बोलीत त्यास ‘सांप की छत्री’ असे नाव आहे. खाण्याजोग्या अळंब्यांस अशी अनेक नावे. परंतु न खाण्याजोगी जी शेकडो प्रकारची छत्रे आहेत ती सर्व आपण ‘कुत्र्याची छत्री’ या एकाच नावाखाली ढकलून मोकळे होतो. ज्यास वेगळे नाव नाही त्याची वेगळी ओळखही राहत नाही, आणि विषबाधेचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. २०२२ च्या एप्रिल महिन्यात आसामच्या वरच्या भागात रानातील अळंबी खाऊन विषबाधा झालेले पस्तीस रुग्ण थोड्याच दिवसांत डिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी तेरा दगावले, आणि त्यांत मुलेही होती. बहुतेक सर्व चहाच्या मळ्यांतील कष्टकरी कुटुंबांतील होते. घरच्याच माणसाने वेचून आणलेल्या आणि घरीच शिजविलेल्या अन्नाने हे घडले.

स्मरणिकेत सामान्यतः अहवाल, छायाचित्रे आणि शुभेच्छा असतात. तथापि स्मरणिकेचे पुस्तक घरात वर्षानुवर्षे राहते. यास्तव दर पावसाळ्याच्या आरंभी उघडून पाहता येईल असा एक पाठ येथे देत आहे. पाठाचे सार आरंभीच सांगून ठेवतो : अळंबे नाकारण्यास एक खूण पुरेशी असते, परंतु स्वीकारण्यास कोणतीही एक खूण पुरेशी नसते. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याचे स्पष्टीकरण होय.

१. अळंबे म्हणजे काय?

अळंबे ही वनस्पती नव्हे. त्यात हिरवा रंग नाही, त्यामुळे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करण्याची शक्तीही त्यास नाही. ते कवक आहे. कवकाचे खरे शरीर म्हणजे माती, पालापाचोळा किंवा लाकूड यांत पसरलेले बारीक पांढऱ्या तंतूंचे जाळे. जमिनीवर दिसणारे छत्र हे त्या जाळ्याचे केवळ फळ. आंब्याचे झाड जमिनीत पुरलेले असून फक्त आंबा वर दिसत आहे अशी कल्पना केली, म्हणजे ही गोष्ट ध्यानात येईल.

या फळाचे भाग चार. वर छत्र. छत्राच्या खालच्या अंगास पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे. मध्ये दांडा. आणि दांड्याचा मातीत असलेला तळ. काही जातींत दांड्याभोवती बांगडीसारखे कडे असते. पडद्यांवर बीजुके तयार होतात. बीजुक म्हणजे कवकाचे बी, परंतु इतके सूक्ष्म की सुटे डोळ्यास दिसत नाही. लाखो बीजुके एकत्र पडली म्हणजेच त्यांची रंगीत पूड दिसते. वेचणारे पहिला आणि फार तर दुसरा भाग पाहतात. तळ बहुधा मातीतच राहून जातो, आणि बीजुकांची पूड कोणी पाहतच नाही. खरी साक्ष मात्र या दोन्हींत असते.

२. वारुळाचे अळंबे

आपल्याकडे ज्यास जाणते लोक ‘वारुळाचे’ म्हणतात आणि गोव्यात ‘रोण अळमी’ म्हणतात, त्याच्या कुळास शास्त्रज्ञांनी टर्मिटोमायसिस हे नाव दिले आहे. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली हे कुळ स्थापिले. दक्षिण भारतात आढळणाऱ्या एका जातीस के. नटराजन यांनी १९७९ मध्ये हाइम यांचेच नाव दिले.

या अळंब्याचा जीवनक्रम मोठा नवलाचा आहे. वाळवी सुके लाकूड व पाने खाते खरी, परंतु ती तिला नीट पचत नाहीत. ती आपल्या वारुळात या चघळलेल्या मालाची पोळ्यासारखी सच्छिद्र रचना करते आणि तीवर हे कवक वाढविते. कवक त्या मालाचे पचण्याजोगे अन्न करते, आणि वाळवी ते खाते. माणूस शेती करू लागला त्यास दहा-बारा हजार वर्षे झाली. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पावसाने जमीन भिजली की याच पोळ्यातून कोंब निघतो, माती भेदून वर येतो आणि छत्र उघडतो. वाळवीची ही शेती माणसास अद्याप बाजार पुरवील इतकी साधलेली नाही. म्हणून हे अळंबे रानातूनच यावे लागते.

त्याच्या खुणा अशा :

(१) जागा. वारुळावर अथवा वारुळाच्या आसपास. मात्र वाळवीचे घर पुष्कळदा पूर्णपणे जमिनीखाली असते, तेव्हा वर उंचवटा दिसेलच असे नाही.

(२) छत्र. उगवताना भाल्याच्या टोकासारखे मिटलेले असते. उघडल्यावरही मध्यभागी टोकदार, टणक आणि काहीसा काळसर उंचवटा राहतो. कडा उमलताना मध्याच्या दिशेने उभ्या चिरा पडतात.

(३) पडदे. दाट आणि पांढरे असतात व दांड्यास चिकटलेले नसतात. अळंबे जून झाले की त्यांवर फिकट गुलाबी छटा येते.

(४) दांडा. पांढरा, भरीव आणि तंतुमय. मोडला असता उभा चिरतो.

(५) तळ. तळाशी वाटी अथवा पिशवी नाही. दांडा मातीत मुळासारखा खोल जातो आणि थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत पोहोचतो. ही लांबी कधी वीतभर, तर कधी हातभरही असते. ओढून उपटल्यास हे मूळ मध्येच तुटते.

(६) बीजुकांची पूड. फिकट गुलाबी.

कड्याचा येथे समावेश केलेला नाही, कारण या कुळातील काही जातींस कडे असते व काहींस नसते. याच कुळातील एक अगदी लहान जात वारुळाजवळ शेकड्यांनी उगवते. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर ती येत असल्याने तिला लांब मूळ नसते. ती ओळखण्यास अधिक अनुभव लागतो. नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

३. दोन फसवी रूपे

पहिले फसवे रूप गावाजवळच, गवताळ मैदानात, शाळेच्या पटांगणात, बागेत आणि गुरांच्या कुरणात आढळते. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. छत्र मोठे, कधी ताटलीएवढे. रंग पांढरा, वर तपकिरी खवले, दांड्यावर वरखाली सरकणारे कडे, तळाशी वाटी नाही. दिसण्यास देखणे आणि भरपूर, त्यामुळे मोह पडतो. कोवळेपणी याचे पडदे पांढरेच असतात, पुढे मात्र ते राखी-हिरवे होतात. बीजुकांची पूड हिरवी येते. अळंब्यांत हिरवी पूड ही फार विरळा गोष्ट असल्याने या एका खुणेवरून ते नि:संशय नाकारता येते. हे खाल्ल्यास साधारण एक ते तीन तासांत जोराच्या ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा यातून उठतो, परंतु लहान मूल, वृद्ध अथवा अशक्त मनुष्य शरीरातील पाणी गेल्याने जिवावर बेततो.

दुसरे रूप याहून फार भयंकर. अ‍ॅमानिटा या कुळातील कित्येक जाती प्राणघातक आहेत. त्यांत सर्वांत कुप्रसिद्ध अ‍ॅमानिटा फॅलॉयडिस. ही मूळची युरोपातील ओक, बीच आणि चेस्टनट यांच्या रानांतील. तेथून झाडांच्या रोपांबरोबर ती अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी खंडांत पोहोचली. जगात अळंबी खाऊन जे मृत्यू होतात त्यांतील फार मोठा वाटा या एका जातीचा समजला जातो. छत्र पाच ते पंधरा सेंटिमीटर, हिरवट-पिवळे, क्वचित पांढरे. पडदे पांढरे व पांढरेच राहणारे. दांड्यावर पातळ कडे. आणि तळाशी मातीत दडलेली पांढरी पिशवी, जणू अंड्याचे फुटके कवच. याच कुळातील पूर्ण पांढऱ्या प्राणघातक जाती आशियातही आहेत. आपल्या सह्याद्रीच्या रानांतूनही या कुळाच्या अनेक जातींची नोंद झालेली आहे. या कुळातील सर्वच जाती विषारी नाहीत हे खरे. तथापि त्यांतील निवड करण्याचे काम तज्ज्ञाचे आहे. आपण तळाची वाटी दिसताच अळंबे टाकून द्यावे.

आता एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हे घातकी अळंबे कोवळे असताना त्या पिशवीत संपूर्ण गुंडाळलेले असते आणि लहान पांढऱ्या अंड्यासारखे दिसते. त्या अवस्थेत पडदे, कडे, रंग काहीच दिसत नाही. आपल्याकडे तर कळ्याच अधिक चवदार म्हणून अधिक शोधल्या जातात! कळी म्हणजे मिटलेले पुस्तक. ते न उघडता त्यातील मजकूर सांगता येत नाही.

परदेशात गेलेल्या आशियाई कुटुंबांवर असा प्रसंग अनेकदा आलेला आहे. आग्नेय आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढविलेले अळंबे नित्याच्या जेवणात असते, आणि तेही कोवळेपणी पिशवीतच असते. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात गेल्यावर झाडाखाली तसेच रूप दिसले आणि माणसांनी ओळखीचे समजून ते घरी नेले. ते अ‍ॅमानिटा निघाले. या लोकांचे ज्ञान त्यांच्या गावच्या रानापुरते खरे होते. ते रान मागे राहिले आणि ज्ञान मात्र बरोबर गेले. आपली मुलेही आज पुण्या-मुंबईस, आखातात व त्यापलीकडे जाऊन राहतात. त्यांना ही गोष्ट अवश्य सांगून ठेवावी.

४. कागदावरील परीक्षा

बीजुकांची पूड पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. त्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. उमललेले छत्र घेऊन दांडा छत्राच्या अगदी लगत कापावा. एक पांढरा व एक काळा कागद शेजारी शेजारी चिकटवून त्या जोडावर छत्र पडदे खाली करून ठेवावे. वर वाडगा पालथा घालावा, म्हणजे वाऱ्याने पूड उडणार नाही. रात्रभर तसेच ठेवून सकाळी छत्र हलकेच उचलावे. कागदावर पडद्यांची नक्षी उमटलेली दिसेल. दोन रंगांचे कागद अशासाठी की पांढरी पूड पांढऱ्या कागदावर दिसत नाही.

पूड हिरवी आल्यास टाकावे. पांढरी आल्यास ते वारुळाचे अळंबे नव्हे, सबब टाकावे. गुलाबी आल्यास मात्र ‘खाण्याजोगे’ असा निकाल देऊ नये. गुलाबी बीजुकांची विषारी अळंबीही आहेत. गुलाबी पुडीचा अर्थ एवढाच की, त्यास नाकारण्याचे हे एक कारण उरले नाही. अन्य पाचही खुणा अद्याप तपासावयाच्या आहेत.

शाळेत हा पाठ घेताना मी रानातील अळंबी वापरीत नाही. बाजारात मिळणारी लागवडीची बटन अळंबी दोन-तीन दिवस ठेवून पूर्ण उमलू दिली की त्यांची पूड गर्द तपकिरी येते. मुलांस रीत कळते आणि धोका राहत नाही. पालकांनीही घरी हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

५. लोकांत रूढ असलेल्या खोट्या परीक्षा

आता ज्या परीक्षांवर लोक विसंबतात त्यांचा विचार करू.

चांदीचे नाणे अथवा अंगठी शिजत्या भांड्यात टाकावी, काळी पडल्यास विष समजावे, असे म्हणतात. चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे. अ‍ॅमानिटातील विषाने ती काळी पडत नाही. त्यामुळे चांदी लखलखीत राहील आणि अन्न मात्र प्राणघातक असेल.

लसूण, कांदा अथवा तांदूळ बरोबर शिजवून त्यांचा रंग पालटतो की काय हे पाहतात. या विषाने यांपैकी कशाचाही रंग पालटत नाही.

किड्यांनी अथवा गोगलगाईंनी खाल्लेले अळंबे माणसास चालते, अशी एक समजूत आहे. गोगलगाई अ‍ॅमानिटा खाऊन सुखरूप राहतात. प्रत्येक प्राण्याचे शरीर निराळे असते. दुसऱ्याच्या पोटाने आपली परीक्षा होत नाही.

विषारी अळंबे रंगाने भडक व वासाने घाण असते, ही समजूत तर सर्वांत घातक. सर्वांत घातक जाती पांढऱ्या किंवा फिकट आहेत. त्या खाऊन वाचलेल्यांनी त्यांची चव उत्तम होती असे सांगितले आहे.

मीठ, हळद, चिंच यांच्या पाण्यात भिजवून, पाणी ओतून देऊन अथवा वाळवून विष जाते असे पुष्कळांस वाटते. अ‍ॅमानिटाचे विष उकळण्याने, तळण्याने, वाळविण्याने वा गोठविण्याने नष्ट होत नाही.

‘आम्ही थोडे खाऊन पाहिले, काही झाले नाही, मग सर्वांनी खाल्ले,’ ही परीक्षाही खोटीच. हिचे कारण पुढील भागात कळेल.

६. विष शरीरात काय करते

अ‍ॅमानिटातील मुख्य विषास अ‍ॅमानिटिन म्हणतात. हाइनरिख वीलांट व त्यांचे सहकारी रुडोल्फ हालरमायर यांनी १९४१ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम एवढी मात्रा प्राणघातक ठरू शकते. याचा अर्थ साठ किलो वजनाच्या माणसास सहा मिलिग्रॅम, आणि एवढे विष एका मोठ्या अळंब्यात असू शकते. पंधरा किलोच्या मुलास त्याचा चौथा भाग पुरे.

त्याचे कार्य एका दृष्टांताने सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रात एक मूळ दप्तर असते. त्या दप्तरातील आज्ञांची नक्कल करून ती कारखान्यात पाठविणारा एक कारकून असतो, आणि त्या नकलेवरून कारखान्यात प्रथिने तयार होतात. शास्त्रात या कारकुनास ‘आरएनए पॉलिमरेज दोन’ असे नाव आहे. अ‍ॅमानिटिन या कारकुनाचा हात धरून ठेवते. नक्कल थांबते, नवी प्रथिने होत नाहीत. परंतु आधी तयार असलेल्या मालावर कारखाना काही तास चालू राहतो. तो माल संपला म्हणजे पेशी मरू लागतात. ज्या पेशींस काम फार त्या आधी मरतात : प्रथम आतड्याच्या, मग यकृताच्या. यकृतातून हे विष पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात उतरते, तेथून शोषले जाऊन पुन्हा यकृतात येते. असे फेरे होत राहतात.

म्हणूनच या विषबाधेच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे दिसतात. पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक, काहीच होत नाही. माणूस सुखाने झोपतो. मग एकाएकी पटकीसारखे जुलाब, ओकाऱ्या व पोटात कळा सुरू होतात आणि दिवसभर चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आराम पडतो. रोगी उठून बसतो, पेज मागतो, घरची माणसे देवाचे आभार मानतात. परंतु याच वेळी आत यकृताचा नाश चाललेला असतो. त्यानंतर डोळे पिवळे होतात, रक्तस्राव होऊ लागतो, शुद्ध हरपते आणि आठवड्याच्या आत मृत्यू येऊ शकतो. मधल्या त्या आरामाने अनेकांचा घात केलेला आहे. बरे वाटले म्हणून रुग्णालयातून घरी परत आणलेला रोगी पुढे हाताशी लागत नाही.

येथून एक स्थूल नियम निघतो. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत त्रास झाल्यास तो बहुधा आतड्यापुरता असतो. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास मात्र यकृताचा घात करणारा समजावा. परंतु या नियमावर निर्धास्त होऊ नये. एकाच टोपलीत दोन्ही प्रकार मिसळलेले असल्यास लवकर येणारा त्रास उशिरा येणाऱ्या संकटास झाकून टाकतो.

७. संशय आल्यास काय करावे

(१) त्रास सुरू होण्याची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

(२) ज्यांनी ज्यांनी ते अन्न खाल्ले त्या सर्वांस न्यावे. ज्यास काही होत नाही त्यासही न्यावे. मुलांस आधी न्यावे.

(३) उरलेली कच्ची अळंबी, साफ करताना टाकलेले तुकडे व मुळे, शिजविलेले शिल्लक अन्न हे सर्व बरोबर घ्यावे. कच्चे तुकडे कागदात गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते लवकर कुजतात.

(४) किती वाजता खाल्ले व किती वाजता त्रास सुरू झाला हे लिहून न्यावे. डॉक्टरांच्या दृष्टीने हे दोन आकडे फार मोलाचे आहेत.

(५) दूध, तूप, ताक, काढे, उतारे यांत वेळ दवडू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये.

(६) मध्ये आराम पडला तरी डॉक्टरांनी यकृताची तपासणी करून परवानगी दिल्यावाचून घरी येऊ नये.

रुग्णालयात शिरेतून पाणी व क्षार देतात, विष शोषून घेणारा विशिष्ट कोळसा देतात, आणि सिलिबिनिन, अ‍ॅसिटिलसिस्टिन यांसारखी औषधे वापरतात. फारच बिघडल्यास यकृतारोपणावाचून उपाय राहत नाही. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये इंडोसायनिन ग्रीन नावाच्या एका रंगद्रव्याने उंदरांवर या विषाचा परिणाम कमी होतो असे दाखविले. तथापि माणसासाठी हमखास उतारा म्हणावा असे औषध अद्याप हाती आलेले नाही. लवकर पोहोचणे हाच आज सर्वांत मोठा उतारा होय.

८. वेचणाऱ्यांस आणि घेणाऱ्यांस सूचना

अनोळखी जागी दिसलेले अळंबे खुडू नये. त्यांपैकी एक भोवतालच्या मातीसह खणून काढावे आणि तळ पाहावा. वाटी दिसल्यास सर्वच सोडून द्यावी. लांब मूळ दिसल्यास बाकीच्या खुणा एकेक करून तपासाव्यात. सर्व जुळल्या तरी पहिल्या वेळी जाणत्या माणसास दाखविल्यावाचून ते चुलीवर चढवू नये. एकापेक्षा अधिक जागांची अळंबी एका टोपलीत मिसळू नयेत. लहान मुलांस एकट्याने वेचण्यास पाठवू नये. बाजारात ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावी, आणि मूळ छाटून आणलेली अळंबी असल्यास जागा विचारून घ्यावी.

खणून पाहणे हे केवळ ओळखीसाठी, तेही एकच. वारूळ फोडून पोळे उकरल्यास पुढील वर्षी तेथे काही उगवणार नाही. गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांनी या कुळाचा दीर्घ अभ्यास करून, बेसुमार तोडणीने ही संपत्ती संपत आहे असे वारंवार बजावले आहे. छत्र उमलण्यापूर्वीच कळ्या खुडल्या तर बीजुके पडत नाहीत, आणि बीजुके न पडल्यास नव्या वारुळांस कवक मिळण्याची एक वाट बंद होते. कळ्या सोडाव्या आणि उमललेली काही छत्रेही जागीच राहू द्यावी, हा नियम रानाच्या हिताचा आहे. वर पाहिल्याप्रमाणे तो आपल्या जिवाच्या हिताचाही आहे, कारण कळीची ओळख पटत नसते.

शेवटी एक विनंती. वारुळाचे अळंबे नेमके ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बाया आणि गुराखी आपल्या खेड्यांत अजून आहेत. त्यांनी शाळा पाहिलेली नसेल, परंतु कोणत्या वारुळाशी कोणत्या पंधरवड्यात काय उगवते हे त्यांस तोंडपाठ असते. त्यांची नातवंडे आज शहरात आहेत, आणि हे ज्ञान घेणारे कोणी उरलेले नाही. अर्धवट ऐकलेले राहते आणि पूर्ण पाहिलेले जाते, अशी अवस्था आली आहे. यास्तव येत्या पावसाळ्यात प्रत्येक गावच्या शाळेने अशा एका तरी जाणत्या व्यक्तीस मानाने बोलवावे, मुलांस तिच्याबरोबर रानात न्यावे, आणि मुलांनी काढलेले बीजुकांचे ठसे जागा व तारीख लिहून वर्गाच्या भिंतीवर लावावे. दोन-चार पावसाळ्यांत गावोगावच्या रानाची एक विश्वासार्ह नोंद तयार होईल. ‘कुत्र्याची छत्री’ या एका नावाखाली झाकलेल्या अनेक जाती मुले वेगवेगळ्या ओळखू लागतील, आणि ज्या ओळखता येणार नाहीत त्या रानातच सोडून देण्याची सवयही त्यांस लागेल.